फाइलला हात लावू नका: पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सरकणारी लेबलं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रबाळ्याला औषधांच्या वितरणाचं ऑफिस, पाच कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर. केमिस्टांकडे जाणाऱ्या खोक्यांवर पत्त्याची लेबलं लावायची असतात. ए-फोर शीटवर आडवी तीन, उभी आठ, अशी २४ लेबलं. वर्डची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये, सगळ्यांसाठी एकच. पहिल्या दोन कॉम्प्युटरवरून छपाई नीट बसते. तिसऱ्यावरून वरची ओळ बरी येते, पण खाली जाता जाता पत्ता वरच्या लेबलावर चढतो. चौथ्यावरून सगळंच्या सगळं डावीकडे सरकतं. पाचव्यावरून कधी बरोबर, कधी नाही. तुम्ही बघता अकाउंट्स, पण आयटीवालं कोणी नाही म्हणून सगळे तुमच्याच टेबलाशी येऊन उभे राहतात. आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की दर वेळी कोणीतरी फाइलची मार्जिन थोडी हलवून तेवढ्यापुरतं काम भागवतं.

मला विचाराल तर सगळं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे. तीन कॉम्प्युटरांची तक्रार वरवर एकच वाटते, पण लक्षणं बघता कारणं तिन्हीकडे वेगळी आहेत. आणि तिन्हींवरचा इलाज मात्र लोक एकाच ठिकाणी करतायत, फाइलमध्ये. चौथ्यावाला फाइल उजवीकडे सरकवतो, की पहिल्या दोघांची लेबलं उजवीकडे जातात. मग पहिला ती परत डावीकडे ओढतो. चार महिने असं चाललं की मूळ मापं काय होती हे कोणालाच आठवत नाही, आणि सगळे म्हणतात प्रिंटर म्हातारा झाला.

हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण मी स्वतः हीच चूक केलेली आहे. वागळे इस्टेटमधून मी प्रिंटर दुरुस्तीचं आणि छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरचं काम बघतो, वीसेक वर्षं होत आली. सुरुवातीच्या काळात महाप्याच्या एका ऑफिसात एका कॉम्प्युटरवरून लेबलं ३ मिमी डावीकडे येत होती. मी फाइलची डावी मार्जिन ३ मिमीने वाढवली, छापून दाखवलं, चहा प्यायलो, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनात वाशीच्या गाडीची वाट बघत उभा होतो तेव्हा फोन आला, "काल एक बिघडलेला होता, आज बाकीचे चार बिघडलेत." ती फेरी अर्थातच फुकट झाली. तेव्हापासून लेबलाच्या तक्रारीला गेलो की आधी फाइलची एक प्रत बाजूला काढून तिला कुलूप लावतो, मग बाकीचं.

आता तुमच्याकडच्या काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. प्रिंटर नेटवर्कवर आहे की एका कॉम्प्युटरला यूएसबीने लावून तिथून शेअर केलाय, पाचही ठिकाणी वर्ड एकच आवृत्तीचं आहे का, लेबलं नेहमीच्या ट्रेमधून जातात की पुढच्या मॅन्युअल फीडमधून. पण हे सगळं विचारत बसण्याआधी अर्ध्या तासात होणारी एक चाचणी आहे. ती केली की यातले निम्मे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

लेबलांच्या फाइलची एक प्रत करा, नाव ठेवा 'चाचणी'. त्यातल्या टेबलाला बारीक काळी बॉर्डर द्या, म्हणजे लेबलांच्या चौकटी कागदावर उमटतील. (वर्डमध्ये ज्या फिकट तुटक रेषा दिसतात त्या छापल्या जात नाहीत, त्यावर विसंबू नका.) मग त्याच पानावर मधोमध एक पोकळ चौकोन टाका, बरोबर १० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच. आकार माऊसने ओढू नका, शेप फॉरमॅटमध्ये जाऊन आकडा टाइप करा. फाइल सेव्ह करून प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्ली करा. आता पाचही कॉम्प्युटरवरून साध्या कोऱ्या कागदावर तीन-तीन प्रती छापा, एकाच कमांडने तीन. ज्या ट्रेमधून लेबलं छापता त्याच ट्रेमधून. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कॉम्प्युटरचा नंबर लिहा. पंधरा कागद जातील, लेबलाचं एकही शीट वाया जाणार नाही.

मोजायला स्टीलची पट्टी घ्या. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्याची रेघ कडेपासून थोडी आत असते आणि घाईत माणूस कडेपासूनच मोजतो. तिथेच ४-५ मिमी चुकतात आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पहिल्यांदा चौकोन मोजायचा. १०० मिमी भरला तर छपाईचा आकार बरोबर आहे, जे काही चुकतंय ते जागेचं चुकतंय. कमी भरला तर कुठेतरी छपाई आक्रसली जातेय. त्यानंतर तो कागद लेबलाच्या कोऱ्या शीटवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचा. उजेडात दोन्हीच्या चौकटी एकमेकींवर दिसतात. तिथे तीन प्रकार दिसू शकतात. सगळ्या २४ चौकटी सारख्याच अंतराने सरकलेल्या. किंवा चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत गेलेली. किंवा एकाच कमांडने निघालेल्या तीन प्रतींमध्येच फरक. डॉक्टर नाडी बघतो तसं मी आधी एवढंच बघतो, सेटिंगच्या खिडक्या नंतर उघडतो.

तुमचा तिसरा कॉम्प्युटर दुसऱ्या प्रकारातला आहे हे तुमच्या वर्णनावरूनच दिसतं. वरची ओळ ठीक आणि खाली जाता जाता पत्ता चढत जातो, म्हणजे आकार आक्रसलाय. इथे आकडेच बोलतात. आपला ए-फोर २१० × २९७ मिमी. अमेरिकेत आणि कॅनडात चालतो तो लेटर, २१५.९ × २७९.४ मिमी. म्हणजे लेटर थोडा रुंद, पण उंचीला जवळजवळ १८ मिमी आखूड. ए-फोरचं पान लेटरच्या उंचीत बसवायचं तर ते ९४ टक्क्यांवर आणावं लागतं. तुमच्या लेबलाची उंची ३४ मिमीच्या आसपास असणार, कारण २४ च्या शीटला बहुतेक तीच असते. ३४ चे ९४ टक्के म्हणजे साधारण ३२. दर ओळीला २ मिमी चुकतात, आणि आठव्या ओळीपर्यंत १४-१५ मिमीचा फरक पडतो. अर्धं लेबल गेलं. त्यामुळे तिसऱ्यावरचा चौकोन १०० च्या जागी ९४ भरला, तर तिथे कोणीतरी 'लेटर' म्हणतंय हे पक्कं समजा.

ते कोण म्हणतंय हे शोधायला चार जागा आहेत. पहिली जागा त्या कॉम्प्युटरवरची प्रिंटरची प्रेफरन्सेस, तिथे पेपर साइझ लेटर असू शकतो. दुसरी जागा वर्डच्याच प्रिंटच्या पानावर तळाशी, जिथे 'वन पेज पर शीट' लिहिलेलं असतं. त्यात 'स्केल टु पेपर साइझ' नावाचा पर्याय लपलेला असतो. तिथे 'नो स्केलिंग' हवं. तिसरी जागा बहुतेकांना माहीत नसते. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि खाली प्रिंट विभागात 'स्केल कंटेंट फॉर ए-फोर' अशी सुरू होणारी एक खूण असते. ती मुळातूनच चालू असते. कागदपत्र एका मापाचं आणि प्रिंटर दुसऱ्या मापाचा असला की वर्ड न विचारता छपाई लहान-मोठी करतं. पत्रासाठी ही सोय छान आहे, लेबलासाठी जीवघेणी. आणि हे सेटिंग फाइलमध्ये नसतं, त्या त्या माणसाच्या वर्डमध्ये असतं, म्हणून तीच फाइल दोघांकडे वेगळी छापली जाते. खूण काढून टाका, पाचही ठिकाणी.

चौथी जागा विंडोजचं रीजन. विंडोज टाकताना घाईत 'युनायटेड स्टेट्स' राहून गेलेलं असतं, आणि मग नवा प्रिंटर जोडला की त्याचा पेपर लेटर येतो. तुम्ही तो ए-फोर केलात तरी पुढच्या वेळी प्रिंटर काढून घातला की पुन्हा लेटर. 'इंग्लिश (इंडिया)' किंवा 'मराठी (भारत)' करून टाका, हा कायमचा त्रास जातो.

चौकोन ९४ न भरता ९६-९७ भरला तर मामला थोडा वेगळा. लेझर प्रिंटर कागदाच्या कडेला साधारण ४ मिमी पट्टी छापू शकत नाही. 'फिट टु पेज' चालू असेल तर पूर्ण पान त्या आतल्या जागेत कोंबलं जातं. यात पान बहुतेक वेळा मध्यभागी धरून लहान होतं, म्हणून मधल्या ओळी बरोबर येतात, वरच्या खाली उतरतात आणि खालच्या वर चढतात. हे चित्र दिसलं तर ड्रायव्हरमधलं, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या सॉफ्टवेअरमधलं, 'फिट' बंद करा. पीडीएफवरून छापत असाल तर रीडरमध्ये 'ॲक्च्युअल साइझ' निवडा. ब्राउझरमधून पीडीएफ छापली तर तिथे पुन्हा वेगळं स्केलिंग असतं, म्हणून लेबलाची पीडीएफ मी ब्राउझरमधून छापू देत नाही.

चौथा कॉम्प्युटर. सगळं डावीकडे, पण चौकटींचा आकार बरोबर, असं मी धरून चालतो. इथे पहिल्यांदा ट्रे बघा. पुष्कळदा असं निघतं, की बाकीच्यांच्या ड्रायव्हरमध्ये खालचा ट्रे निवडलेला असतो आणि एकाच्या ड्रायव्हरमध्ये मॅन्युअल फीड. दोन ट्रेंची कागद ओढायची जागा तंतोतंत सारखी नसते, दीड-दोन मिमीचा फरक सहज पडतो. मॅन्युअल फीडचे दोन्ही बाजूंचे पंख कागदाला टेकलेले नसतील तर जास्तच.

ट्रे सारखा असेल तर ड्रायव्हर. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब उघडलात की ड्रायव्हरचं पूर्ण नाव दिसतं. पाचही कॉम्प्युटरवरचं ते नाव एका कागदावर लिहून काढा. मला खात्री आहे की पाचही सारखी नसतील. कुठे कंपनीचा पीसीएल ६, कुठे पोस्टस्क्रिप्ट, कुठे विंडोजने स्वतःहून लावलेला 'क्लास ड्रायव्हर'. प्रत्येकाचा कडेच्या न छापता येणाऱ्या जागेचा हिशेब आपापला असतो. अशी खिचडी होण्यामागे थोडा इतिहासही आहे. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाई व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली. त्यानंतर ऑगस्टच्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागायला लागला. ते योग्यच झालं. पण छोट्या ऑफिसात तो पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. मग ज्याला जे जमलं ते त्याने बसवलं.

यावर इलाज कंटाळवाणा आहे पण एकच. पाचही ठिकाणचा प्रिंटर काढून टाका, ड्रायव्हरसकट. मग कंपनीच्या साइटवरून एकच ड्रायव्हर एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि तोच सगळीकडे बसवा. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर आयपी पत्ता टाकून जोडा, विंडोजला आपणहून शोधू देऊ नका, आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवायला सांगा. नाहीतर एके दिवशी वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि प्रिंटर गायब.

बसवल्यावर सेटिंग करताना एक फसवणारी जागा आहे. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' आणि 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' दिसायला एकसारख्या खिडक्या आहेत, पण पहिली फक्त त्या वेळी लॉगिन केलेल्या माणसाची असते. दुसरी ॲडव्हान्स्ड टॅबच्या आत असते आणि त्या कॉम्प्युटरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला लागू होते. तुम्ही तुमच्या लॉगिनने सगळं ठीक केलंत आणि दुपारच्या पाळीला दुसऱ्याने लॉगिन केलं, तर त्याच्याकडे जुनंच राहतं. म्हणून ए-फोर, ट्रे, 'फिट' बंद, दोन्ही बाजूंची छपाई बंद, हे डिफॉल्ट्समध्ये करा. ज्यांची लॉगिनं आधीपासून आहेत त्यांच्या प्रेफरन्सेस एकदा उघडून बघाव्याच लागतील, त्याला पर्याय नाही.

पाचव्याबद्दल माझा अंदाज ऐका, मग हसा. त्या कॉम्प्युटरवर प्रिंटरची यादी उघडा. तिथे तुमचा प्रिंटर दोनदा दिसेल, एकदा नुसता आणि एकदा शेवटी 'कॉपी १' लावलेला. एक कधीतरी कोणी नीट बसवलेला, दुसरा विंडोजने आपणहून शोधून आणलेला. दोघांचे ड्रायव्हर वेगळे, सेटिंग वेगळी. आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' चालू असेल तर शेवटी ज्याच्यावर छापलं तो डिफॉल्ट होऊन बसतो. माणसाला वाटतं आपण रोज तेच बटण दाबतोय. 'कधी बरोबर कधी नाही' म्हटलं की मी आधी हेच बघतो. नको असलेला काढा, तो पर्याय बंद करा.

माझा अंदाज बरोबर की चूक हे तीन प्रतींवरून कळेल. एकाच कमांडच्या तिन्ही प्रती एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर कागद निर्दोष आहे आणि गोंधळ सेटिंगचा आहे. तीन प्रती आपसातच जुळत नसतील तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका, तो कागद ओढण्याचा प्रश्न आहे आणि तो पाचही ठिकाणी कमी-जास्त दिसेलच.

इथवरचं थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण पुढे विषय कागदाकडे वळतोय. एकाच कॉम्प्युटरवरून चुकत असेल तर दुरुस्ती त्या कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा वर्डमध्ये. सगळ्यांवरून सारखंच चुकत असेल तर प्रिंटरमध्ये: बऱ्याच लेझर प्रिंटरांच्या मेनूत ट्रेप्रमाणे छपाई वर-खाली, डावी-उजवी सरकवायची सोय असते, रजिस्ट्रेशन किंवा इमेज शिफ्ट अशा नावाची. फाइल बदलायची ती फक्त फाइलची मापंच शीटशी जुळत नसतील तेव्हा.

कागदाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात हा विषय पावसाळ्यात फार डोकं खातो. ठाण्यात काय नि खाडीपलीकडे काय, जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की उघडं पाकीट दोन-तीन दिवसांत वाकतं. लेबलाच्या शीटला वरचा कागद, मधे गोंद आणि खाली मेणचट पाठ असे थर असतात. दोन बाजू ओल सारखी पीत नाहीत, म्हणून शीट कडेने वळतं. वळलेलं शीट रोलरखाली किंचित तिरकं शिरतं, आणि मग डाव्या कोपऱ्यात बरोबर आलेली छपाई उजव्या कोपऱ्यात २ मिमी वर असते. हे तिरकेपण कुठल्याही सेटिंगने जात नाही. लागतील तेवढीच शीटं बाहेर काढायची, बाकीचं पाकीट त्याच्याच प्लॅस्टिकमध्ये बंद करून सपाट ठेवायचं, एसीच्या खाली नाही आणि प्रिंटरच्या डोक्यावर तर नाहीच. घालण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फडकवायचा आणि टेबलावर ठोकून कडा सरळ करायच्या. एका वेळी दहा-पंधरापेक्षा जास्त शीटं मी घालत नाही.

प्रिंटरला मागचं दार असेल तर लेबलं छापताना ते उघडा. कागद सरळ बाहेर येतो, वळसा घेऊन वर जात नाही. ड्रायव्हरमध्ये पेपर टाइप 'लेबल्स' ठेवा, म्हणजे प्रिंटर जाड कागदाला हवं तसं तापमान आणि वेग धरतो. नाहीतर टोनर नखाने खरवडला तरी निघतो आणि औषधाच्या खोक्यावरचा पत्ता भिवंडीच्या गोदामापर्यंत पोचता पोचता पुसट होतो. रोलर गुळगुळीत झाले असतील तर कागद घसरत घसरत आत जातो, तेव्हा वर-खालचा फरक दर शीटला वेगळा येतो. ओलसर फडक्याने पुसून बघा, नाहीच सुधारलं तर बदलून घ्या. रोलर महाग नसतो.

आणि एक कळकळीची विनंती. अर्धी लेबलं काढून घेतलेलं शीट उरलेल्यांसाठी पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नका. चार लेबलं वाचवायला जाऊन एखादं सुटं झालेलं लेबल आतल्या तापलेल्या फ्युजरला (टोनर कागदावर पक्का करणाऱ्या भागाला) चिकटलं, की नव्या फ्युजरच्या पैशात लेबलांचं वर्षभराचं सामान येईल. महिन्याला एखादा तरी प्रिंटर माझ्याकडे याच कारणाने येतो, आणि प्रत्येक वेळी मालक म्हणतो, "आम्ही असं कधी करतच नाही."

या सगळ्यात एक प्रकार राहिला, तो तुमच्या प्रश्नात नाही पण उद्या येईल. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या ऑफिसात वार्षिक सभेच्या नोटिसा पाठवायला लेबलं छापत होते. दोन कॉम्प्युटर, एकावर ठीक, दुसऱ्यावर सातव्या-आठव्या नावापासून सगळं खाली घसरत जायचं. चौकोन १०० भरला, ट्रे तोच, ड्रायव्हर तोच. मी तासभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, की नावं मराठीत होती आणि ज्या फॉन्टमध्ये फाइल केली होती तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नव्हताच. वर्डने गुपचूप दुसरा फॉन्ट लावला, तो थोडा रुंद आणि उंच, मग एका लांबलचक आडनावाची ओळ मोडून दोन झाल्या. टेबलाची ओळ तेवढी ताणली गेली आणि तिच्याखालचं सगळं ढकललं गेलं. उपाय दोन. टेबलाच्या ओळींची उंची 'ॲट लीस्ट' न ठेवता 'एक्झॅक्टली' करायची, म्हणजे मजकूर मावला नाही तर कापला जाईल पण शेजाऱ्याला ढकलणार नाही. आणि फॉन्ट असा घ्यायचा जो सगळीकडे असेल. मराठीसाठी निर्मला यूआय बहुतेक विंडोजवर सापडतो.

पत्ते एक्सेलमध्ये असतील तर असू द्या, यादी ठेवायला एक्सेल उत्तमच. पण थेट एक्सेलच्या चौकटींमधून लेबलं छापू नका. एक्सेल स्तंभाची रुंदी डिफॉल्ट फॉन्टच्या अक्षरांत मोजतं, मिलिमीटरमध्ये नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या ड्रायव्हरवर ती बदलते. वर्डच्या मेल मर्जमधून, म्हणजे यादीतला एकेक पत्ता एकेका लेबलात आपोआप भरणाऱ्या सोयीतून, एक्सेलची यादी ओढा.

सगळं तपासून झाल्यावर, मला वाटतं, तुम्हाला फाइल एकदा नव्याने करावीच लागेल, कारण आताच्या फाइलमध्ये पाच जणांच्या दुरुस्त्या मुरलेल्या आहेत. मेलिंग्जमध्ये लेबल्स, ऑप्शन्स. तिथल्या यादीत अमेरिकन लेटर शीटांचे नंबर आणि ए-फोरचे नंबर वेगवेगळ्या गटांत असतात. नाव ओळखीचं दिसलं म्हणून अमेरिकन गटातलं निवडू नका. तुमच्या पाकिटावरचं नाव यादीत नसेल तर 'न्यू लेबल' करा आणि शीट स्वतः मोजा. त्यात सगळ्यात जास्त चुकतं ते 'पिच'. पिच म्हणजे एका लेबलाच्या डाव्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर, मधली फट धरून. लोक तिथे नुसती लेबलाची रुंदी टाकतात आणि मग तिसरं लेबल ५ मिमी सरकलं म्हणून प्रिंटरवाल्याला बोलावतात. उभ्या पिचसाठी मी एक लेबल मोजत नाही. पहिल्या लेबलाच्या वरच्या कडेपासून आठव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजतो आणि सातने भागतो, म्हणजे मोजण्यातली चूकही सातात वाटली जाते. आणि लेबलाच्या आत चारही बाजूंनी ३ मिमी रिकामी सोडा. कितीही चांगला लेझर प्रिंटर असला तरी शीटमागे एखाद-दीड मिमी इकडेतिकडे होणारच, तेवढं पोटात घालायला जागा हवी.

तुम्ही शेवटी विचारलंय, की रोलवाला लेबल प्रिंटर घेतला तर हा त्रास संपेल का. दिवसाला दीड-दोनशे लेबलं लागत असतील तर घ्याच. त्याहून कमी असतील तर मी घाई करणार नाही, कारण तिथेही हीच गंमत वेगळ्या वेषात येते. वाशीच्या फळबाजारातल्या एका आंबेवाल्याकडे एप्रिलमध्ये ऐन हंगामात दोन कॉम्प्युटर एका रोलवाल्या थर्मल प्रिंटरवर छापत होते. एकाच्या ड्रायव्हरमध्ये लेबल ५० × २५ मिमी, दुसऱ्याच्या १०० × १५०. प्रत्येक कमांडबरोबर ड्रायव्हर आपलं माप प्रिंटरला सांगतो. दुसऱ्याने एक प्रिंट मारली की पहिल्याची पुढची दोन-चार लेबलं वाया, हापूसच्या पेट्या बाजूला थांबलेल्या आणि हमाल ओरडतायत. दोघांचं माप एक केलं, 'कंटिन्युअस' काढून 'गॅप' केलं, म्हणजे दर लेबलाच्या फटीवर प्रिंटर आपली जागा पुन्हा पकडतो, आणि सेन्सर कॅलिब्रेट केला. दहा मिनिटांचं काम होतं.

तुमच्या जागी मी असतो तर लेबलांसाठी एकच कॉम्प्युटर ठरवला असता, पहिला किंवा दुसरा. बाकीच्यांनी पत्ते एक्सेलच्या यादीत भरायचे, छापायचं एकानेच. पाच ठिकाणी शिस्त राखण्यापेक्षा एका ठिकाणी राखणं सोपं. पण तुमचे लोक दोन पाळ्यांत बसतात म्हणालात, त्यामुळे ते जमेलच असं नाही. मग पाचही ठिकाणी एक ड्रायव्हर करण्याला पर्याय नाही.

शनिवारी अर्धा दिवस असेल तर चाचणी तेव्हाच करा, फोन कमी वाजतात. झाली की तिसऱ्या कॉम्प्युटरवरच्या चौकोनाची रुंदी आणि उंची दोन्ही लिहून कळवा, आणि चौथ्याच्या ड्रायव्हरचं पूर्ण नाव. रुंदी आणि उंची वेगवेगळी भरली, म्हणजे एक ९७ आणि दुसरी ९४, तर मात्र ते मी वर सांगितलेल्यापैकी काहीच नाही, आणि त्या चाचणीचा कागद टाकून देऊ नका.